दोन रंगांचं घर

होपोआतेच्या घरात कालोलाइनेचा शब्द कधी खाली पडला नव्हता. आत्याचा शब्द तो. पोरांची नावं तिने ठेवलेली, थोरलीच्या लग्नात मानाची चटई तिच्याच पुढ्यात अंथरलेली. होपोआते तिच्याहून लहान, पण अंगाने दारात मावायचा नाही, तरी बहिणीपुढे आला की नजर जमिनीवर आणि तोंडात एकच वाक्य, "ताई, तुम्ही म्हणाल तसं."

त्याचा धाकटा फिनेआसी तिच्याच घरी वाढला. आई लवकर गेली, बापाची वाडी बेटाच्या पूर्वेच्या टोकाला आणि शाळा इकडे राजधानीत, नुकुआलोफात, म्हणून पोर आत्याकडे. तिचा स्वतःचा लोपेती त्याच्याच वयाचा. दोघं एका चटईवर झोपत, एका ताटात जेवत, घाईत एकमेकांच्या चपला घालून निघून जात. कुणी विचारलं हा कोण, तर दोघंही म्हणत, "भाऊ."

फक्त शाळा दोन. लोपेती सरकारी शाळेत, पांढरा शर्ट आणि कमरेला लुंगीसारखं गुंडाळलेलं जांभळं तुपेनू. फिनेआसी चर्चच्या शाळेत, कारण त्याचा बाप तिथे शिकला आणि आजाही तिथेच. त्याचं तुपेनू हळदी रंगाचं. दोरीवर दोन्ही शेजारी शेजारी वाळत असत. शेजारीण सेला कुंपणावरून म्हणायची, "कालो, तुझ्या अंगणात रोजच सामना भरलेला असतो गं!"

कालोलाइने हसायची. दोन्ही शाळांची पोरं एकमेकांना पाण्यात पाहतात हे काय आजचं नव्हतं. तिचा नवरा सुनीया ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेला, जुना जांभळा. फोनवर अजून रंगात येऊन सांगायचा की आमच्या वेळी हळद्यांना समुद्रापर्यंत पळवलं होतं. होपोआतेही गड्यांच्या कावा पिण्याच्या बैठकीत बसला की त्याच मारामारीची गोष्ट उलटी सांगायचा. त्यात पळणारे जांभळे असत. पोरं दोघांच्याही गोष्टी ऐकून खिदळत. मोठ्यांनी करमणूक म्हणून सांगावं आणि धाकट्यांनी ते वेदवाक्य मानावं, तसंच झालं.

त्या वर्षीचा रग्बीचा सामना हळदी शाळेने शेवटच्या क्षणी जिंकला. पंच चुकला असं जांभळे म्हणाले. मैदानाबाहेर एकाचं नाक फुटलं. सोमवारी बसथांब्यावर दुसऱ्याचे दात पडले. मग रोजच काहीतरी घडायला लागलं. बाजारातल्या बायका शाळा सुटायच्या वेळी टोपल्या आवरून घेऊ लागल्या. चर्चमध्ये पाद्री प्रवचनात रडला. आणि ज्यांना मार बसत होता त्यांनी कुणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं. एकटं सापडलं आणि कमरेचा रंग दुसरा निघाला, एवढंच पुरे.

शिक्षण खात्याने सभा बोलावली. सरकारी शाळेच्या मोठ्या खोलीत पालक चटयांवर मांडी घालून बसले. हालाफिही सर मुख्याध्यापक. माणूस सरळ, पण त्या महिन्यात त्यांचा चेहरा उतरून गेला होता. प्रार्थना झाली, आणि कालोलाइने उठून उभी राहिली. एवढ्या लोकांपुढे ती पहिल्यांदाच बोलत होती.

"माझं म्हणणं लहानसं आहे. हे शांत होईपर्यंत पोरांना साध्या कपड्यांत येऊ द्या. कोण कुठल्या शाळेचा हे वाटेवर कळलंच नाही, तर मारतील कुणाला?"

खोलीत कुजबुज झाली. काही आयांनी मान डोलावली. मागून एक म्हातारा काठीवर भार देऊन उठला. "बाई, तुझ्या घरी परदेशातून कपड्यांचे खोके येतात. माझ्या नातवाकडे शाळेचा शर्ट सोडला तर वाडीत घालायचा एक फाटका आहे. गणवेशात तो कुणाहून कमी दिसत नाही. तोही काढून घेतेस?"

म्हातारा खोटं बोलत नव्हता.

दुसरा एक जण, जाडजूड, स्वतः जुना जांभळा, म्हणाला, "गणवेश काढायचा म्हणजे शेपूट घालायचं. आधी त्या हळद्यांनी काढावा!"

"त्यांच्याही शाळेत जाऊन आले मी काल," कालोलाइने म्हणाली. "ते म्हणाले, आधी जांभळ्यांनी काढावा."

लोक हसले, पण ती हसली नव्हती.

हालाफिही सरांनी हात वर केला. "कालोलाइने, माझ्या हातात असतं तर मी उद्याच परवानगी दिली असती. पण खात्याचा हुकूम आहे, घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत पूर्ण गणवेश. पोलिसांनाही तेच हवंय. गणवेश असला की कोण कुठला ते कळतं, म्हणतात."

"मारणाऱ्यांनाही तेच कळतं ना, सर."

"हो," सर म्हणाले. "तेही खरंच." आणि खाली बसले.

मग तिने घरापुरता मार्ग काढला. खात्याचं राज्य रस्त्यावर असेल, घरात तिचं होतं. दोन्ही पोरांना समोर बसवलं आणि साधी अर्धी चड्डी, साधा शर्ट पुढे ठेवला. "हे घालून बसमध्ये बसायचं. गणवेश पिशवीत. आपापल्या शाळेच्या फाटकाजवळच्या चर्चच्या मोरीत बदलायचा. येताना पुन्हा तसंच."

लोपेतीने तोंड वाकडं केलं. तो बँडमध्ये तुतारी वाजवायचा, मारामारीच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. "आई, मोरीत किती घाण असते माहितीये का?"

"घाण धुता येते."

फिनेआसी आत्यापुढे कधीच उलट बोलत नसे. त्याने कपडे उचलले, "बरं, आत्या," म्हणाला आणि गेला.

आठवडाही झाला नसेल, सेला कुंपणापाशी आली. "कालो, तुला सांगू की नको कळत नाही. तुझा भाचा वळणावरच्या फणसाखाली कपडे बदलतो गं. साधे काढतो, हळदी चढवतो, आणि मग बसमध्ये बसतो. उलटंच करतोय तो."

कालोलाइनेने संध्याकाळी त्याला विचारलं. वाटलं होतं, खोटं बोलेल. तो बोलला नाही. खाली मान घालून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. एवढा बापाच्या अंगलटीचा पोरगा तो.

"आत्या, तुम्ही सांगा, विहिरीत उडी मार. मारतो. शाळा सोड म्हणा, सोडतो. पण शाळेत जायचं आणि हे लपवायचं, हे नाही जमत. पोरं मला बसमध्ये साध्या कपड्यांत बघतील. म्हणतील, भ्याला."

"म्हणू देत."

"आबा तिथे शिकले, आत्या. आजोबा शिकले."

"आणि मी कोण?"

दुसऱ्या दिवशी तो घरूनच हळदी नेसून निघाला, दारातून जाताना तिच्या पुढून वाकून गेला, रीत सोडली नाही. तिने होपोआतेला फोन केला. "ताई, तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला, आणि मग जन्मात पहिल्यांदाच त्यापुढे काहीतरी जोडलं. "पण ताई, मीही त्याच्या जागी असतो तर..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. तिनेही करू दिलं नाही.

फिनेआसी गणवेशात जातो हे पाहिल्यावर लोपेतीनेही मोरीत शिरणं सोडलं. "तो घालतो मग मी का नको? मी काय बायल्या आहे?" असं तो म्हणाला, आणि आईने पहिल्यांदाच त्याच्या आवाजात सुनीयाचा आवाज ऐकला.

एके दिवशी बँडचा सराव लांबला. कालोलाइने मागच्या दारी कसाव्याचे कंद सोलत बसली होती. फिनेआसी आधी आला. घामाघूम, चेहरा लाल, डोळ्यांत काहीतरी चमकत होतं. जिंकून आल्यासारखा. आल्या आल्या भांडं उघडून नारळाच्या दुधातलं अळू वाढून घेतलं.

"लोपेती नाही आला अजून?"

"सराव आहे त्याचा. तू एवढा का धापा टाकतोयस?"

"पळत आलो," तो म्हणाला आणि खाऊ लागला. भूक चांगली लागली होती.

एवढ्यात सेलाचा नवरा गाडी घेऊन अंगणातच शिरला, हॉर्न दाबत. "कालो! चल, बस गाडीत. लोपेतीला दवाखान्यात नेलंय. बाजारापुढच्या फाट्यावर. हळद्यांची बस जात होती, खिडक्यांतून दगड मारले. डोळ्याला लागलाय."

कालोलाइनेच्या हातातली सुरी कुठे पडली ते तिला नंतरही आठवलं नाही. गाडीत बसताना तिने मागे पाहिलं. फिनेआसी ताटापुढे तसाच बसला होता. घास तोंडात होता आणि तो चावत नव्हता.

"चल की!" ती ओरडली. तो उठला आणि गाडीत येऊन बसला. वाटेत ती प्रार्थना पुटपुटत होती, त्याच्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

डॉक्टरीण तरुण होती, डोळे खाली न वळवता बोलली. उजवा डोळा ठीक आहे. डाव्यातलं आता काही राहिलेलं नाही. ऑकलंडला पाठवलं तरी राहिलेलं नाही. "माफ करा, आई," ती म्हणाली, जणू दगड तिनेच मारला होता.

लोपेती पट्टी बांधून पडला होता. त्याचं जांभळं तुपेनू कुणीतरी घडी करून खाटेखाली ठेवलं होतं. कालोलाइने त्याचा हात धरून बसली. भिंतीला पाठ लावून फिनेआसी उभा होता, खाटेच्या जवळ येत नव्हता. लोपेतीने एका डोळ्याने त्याला शोधलं. "ये ना रे. असा काय लांब?" तेव्हा तो पोरगा भिंतीवरून घसरत खाली बसला आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

सकाळी, दवाखान्याच्या व्हरांड्यात, त्याने तिला सांगितलं. पायाशी बसून, फरशीकडे बघत.

"मी त्या बसमध्ये होतो, आत्या."

तिला कळलं होतं. केव्हा कळलं ते सांगता आलं नसतं. बहुतेक त्या न चावलेल्या घासातच.

"सगळ्यांनी मारले. मीही मारला. कुणाचा लागला ते मला माहीत नाही. देवाशपथ नाही माहीत. बस वळत होती. जांभळं दिसलं, आत्या. तोंड नाही दिसलं."

कालोलाइनेने रागावावं म्हटलं तर राग शोधूनही सापडत नव्हता. तिच्या एका पोराचा डोळा गेला होता आणि दुसरं पोर पायाशी मोडून पडलं होतं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने तो घेतला नाही, डोकं बाजूला ओढलं.

लोपेतीला त्याने स्वतःच सांगितलं. आत काय बोलणं झालं ते तिने ऐकलं नाही. तो बाहेर आल्यावर तिने आत जाऊन पाहिलं तर लोपेती छताकडे बघत होता. "मी त्याला म्हटलं, मीही मारला असता," तो म्हणाला. "खरंच, आई. बसमध्ये मी असतो आणि खाली हळदी दिसलं असतं, तर हातात दगड असता माझ्याही. मला वाटलं होतं, मी नाही तसा." मग तो भिंतीकडे वळला.

लोपेती घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी दार उघडलं तर अंगणात मातीवर होपोआते आणि फिनेआसी बसलेले. माफी मागायच्या रीतीप्रमाणे अंगावर फाटक्या जुन्या चटया गुंडाळलेल्या, गळ्यात पानांच्या माळा, माना खाली. भाच्याने मामाच्या घरातलं हवं ते उचलून न्यावं आणि मामाने हसत द्यावं अशी जिथली रीत, तिथे मामाच्या पोराने भाच्याचा डोळा घेतला होता. होपोआतेसारखा माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता. कालोलाइनेला ते बघवेना. धावत जाऊन तिने दोघांच्या अंगावरच्या चटया काढल्या, गळ्यातली पानं तोडून फेकली.

"उठा. माफ केलं. कधीच केलं. उठ रे, होपोआते, लोक बघतायत."

उठले. आत आले. चहा झाला. माफी पुरी झाली, आणि तरीही काही पुरं झालं नव्हतं.

फिनेआसीने पोलिसांपुढेही स्वतःचं नाव सांगितलं होतं. इतर कुणीच नाही सांगितलं. म्हणून शाळेने एकट्याला काढलं. कालोलाइने हळदी शाळेत गेली. तिथले मुख्याध्यापक उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली, तिच्यासाठी प्रार्थना म्हटली.

"साहेब, डोळा माझ्या पोराचा गेला. मीच सांगते, या पोराला शाळेतून काढू नका. शेवटचं वर्ष आहे त्याचं."

"तुम्ही मोठ्या मनाच्या आहात, बाई. पण ते तुमच्या घरातलं झालं. त्याने या गणवेशाला डाग लावला."

"गणवेश धुते मी," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं मीच धुतलाय तो."

मुख्याध्यापकांनी नुसती नकारार्थी मान हलवली, आणि ती निघाली.

त्याच आठवड्यात लोपेतीच्या वर्गातली पोरं आली. पाव, बिस्किटं, मटणाचे डबे घेऊन, सगळे जांभळ्या गणवेशात, केस विंचरून. चटईवर बसून त्यांनी चार सुरांत स्तोत्र म्हटलं, आणि इतकं गोड म्हटलं की कालोलाइनेला रडू आवरलं नाही. जाताना तिने दारात त्यांना अडवलं.

"पोरांनो, त्याच्या नावाने काही करू नका. मी पाया पडते. काही करू नका."

"नाही करणार, मावशी," पुढचा म्हणाला. बाकीचे पायाच्या अंगठ्यांकडे बघत होते. त्यांच्यात एकाचा बाप कावा पिणाऱ्यांच्या बैठकीतला. लोपेतीची गोष्ट तिथे आधीच रंगवून सांगितली जात होती, आणि लोपेती त्यात शूर होता.

मग एका दुपारी रेडिओवर बातमी आली. पहिल्याच वर्गातलं एक हळदी पोर, बसची वाट बघत असताना. हात दोन ठिकाणी मोडला. नाव सांगितलं नाही. कालोलाइनेने रेडिओ बंद केला. लोपेती समोरच बसला होता. "मी नाही सांगितलं कुणाला," तो हळूच म्हणाला. तिला ते ठाऊक होतं. सांगावं लागतच नव्हतं.

लोपेतीची पट्टी निघाली आणि तो पुन्हा शाळेत जाऊ लागला. होपोआते वाडीवरून आला. यावेळी तो ठरवूनच आला होता, फक्त नजर खालीच होती. "ताई, फिनेआसीला वावाऊ बेटावर पाठवतो. त्याच्या आईच्या माणसांकडे. शाळा नाही, काही नाही. कोळी होईल. इथे राहिला तर कुणीतरी मारेल, नाहीतर तो कुणाला."

"मी नको म्हटलं तर?"

"तुम्ही म्हणाल तसं, ताई."

ती नको म्हणू शकली नाही.

बोटीच्या दिवशी धक्क्यावर तुडुंब गर्दी. डुकरं, रताळ्यांची पोती, चटयांची गाठोडी, रडणाऱ्या आज्या. फिनेआसीच्या अंगात साधा निळा शर्ट होता. त्याच्या वर्गातली पोरं निरोपाला आली होती, शाळेतून सरळ, हळदी गणवेशात, घोळका करून. त्यांनी त्याच्या गळ्यात फुलांच्या माळा घातल्या. कालोलाइने त्याच्याजवळ उभी होती, त्याचा दंड धरून.

मग धक्क्याच्या तोंडाशी गर्दी हलली. दोन पोलीस धावत गेले. तिने टाचा उंचावून पाहिलं. लोपेती आला होता. तोही शाळेतूनच आला होता, सुट्टी मागून, मधल्या वेळेत. पांढरा शर्ट, जांभळं तुपेनू. मान थोडी डावीकडे वळवून चालत होता. हल्ली त्याला तशीच सवय लागली होती.

हळदी घोळका गप्प झाला. एकाने शिटी वाजवली.

"जांभळ्यांनी तिकडे थांबायचं!" पोलिसाने लोपेतीच्या छातीवर हात ठेवला. "गोदामापाशी. बोट सुटेपर्यंत इकडे यायचं नाही."

कालोलाइने धावत तिथे पोचली. "सोडा त्याला. तो भाऊ आहे त्याचा. निरोप द्यायला आलाय."

पोलीस वयाने तिच्या लोपेतीपेक्षा फार मोठा नसेल. तो घामाने निथळत होता. "असेल, आई. पण मला कसं कळणार? आणि त्यांना?" त्याने हनुवटीने घोळक्याकडे दाखवलं. "एक दगड पडला की मी काय करू? तुम्हीच सांगा."

तिने शर्ट काढ म्हणून लोपेतीला सांगावं असं क्षणभर मनात आलं. पण जांभळं तर कमरेला होतं, आणि भर धक्क्यावर पोराला उघडं कसं करायचं? तिच्या कमरेला बाहेर जाताना गुंडाळायची रीतीची चटई तेवढी होती, त्याला नेसायला देता येईल असं दुसरं काहीच नव्हतं. बोटीचा भोंगा वाजला.

"आई, तू जा त्याच्याकडे," लोपेती म्हणाला. "मी थांबतो इथेच. दिसतंय मला."

ती परत गर्दीत शिरली. फिनेआसी फळीवर चढला होता. तिने हाक मारली, त्याने वळून पाहिलं, आणि मग तिच्या डोक्यावरून लांब गोदामाकडे. जांभळं दिसलंच असेल त्याला. तोंड दिसलं की नाही ते तिला इतक्या अंतरावरून कळलं नाही. त्याने हात वर केला. हळदी पोरांना वाटलं तो त्यांनाच हात करतोय. त्यांनी एकदम शाळेचं गाणं सुरू केलं, छाती ठोकत, एवढ्या जोरात की बोटीवरच्या म्हाताऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या.

फळी ओढली गेली. कालोलाइने धक्क्याच्या मधोमध उभी राहिली. गोदामाकडे जाऊन लोपेतीला घेऊन घरी जायला हवं होतं, पण दोन पोलीस हातात हात अडकवून रस्ता अडवून उभे होते, आणि त्यांनी तिला सांगितलं की हळदी पोरं बसमध्ये बसेपर्यंत कुणालाही पलीकडे सोडायचं नाही, आईलासुद्धा नाही. ती थांबली.